तळपायाचा तीळ

ब्रिस्बेनला राहणारी माझी धाकटी मावसबहीण वर्षातून एकदा डॉक्टरकडे जाऊन अंगावरचे तीळ तपासून घेते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे होते तेव्हा म्हणाली, "ताई, चल बरोबर. तेवढाच तुझ्या लेखाला मसाला." गेले. आपल्याकडच्या दवाखान्यात असते तशीच बारकी खोली, कागद अंथरलेलं टेबल, भिंतीवर टोपी घातलेल्या एका सीगल पक्ष्याचं चित्र. बहीण अंतर्वस्त्रांत आणि मोज्यांत, वरून एक पातळ चादर. डॉक्टरीणबाईंच्या हातात घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग होतं, फक्त त्याच्या कडेनं बारीक दिव्यांची माळ. केस विंचरल्यासारखे बाजूला करत त्यांनी टाळू पाहिली, मग कानांच्या पाळ्यांमागे, मान, खांदे, पाठ, दंड, पोटऱ्या. एखाद्या तिळावर थांबायच्या, भिंग टेकवायच्या, फोटो काढायच्या, पुढे सरकायच्या. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

या तपासण्यांच्या दोन खुणा बहिणीच्या अंगावर आहेत. एक डाव्या दंडावर, एक पाठीवर, दोन्ही टाक्यांच्या. दोन्ही वेळा तीळ कापून प्रयोगशाळेत गेला आणि दोन्ही वेळा काही निघालं नाही. "रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता," ती म्हणाली, "आणि आला तेव्हा इतकं बरं वाटलं, की डॉक्टरांनी मला वाचवलंच असं वाटायला लागलं. कशापासून वाचवलं, ते मात्र विचारू नकोस."

तिच्या फॉर्मवर एक गमतीचा रकाना होता. उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता की रापता? फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं १९७५ साली यासाठी पायऱ्या आखून दिल्या. पहिल्या पायरीवर लाल केसांची, दुधासारखी, उन्हात नुसती भाजणारी माणसं आणि शेवटच्या, पुढे जोडलेल्या सहाव्या पायरीवर गडद काळी. आमच्या घरात ही बहीण 'गोरीपान'. तिच्या लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायच्या माहितीत मावशीनं हा शब्द स्वतःच्या हातानं लिहिला होता. ब्रिस्बेनच्या तक्त्यात ती चौथ्या पायरीवर बसली. आपल्याकडच्या वधूवर मंडळांनी हा तक्ता मागवून घ्यायला हरकत नाही.

पण ऑस्ट्रेलियाचं भय खोटं नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आभाळाखाली घडलेली कातडी दोनशे वर्षांपूर्वी जहाजात घालून विषुववृत्ताकडच्या उन्हात नेऊन ठेवली, त्याचा हा हिशेब आहे. त्वचेचा कोणता ना कोणता कॅन्सर सत्तरीच्या आत तिथल्या तीन माणसांपैकी दोघांना गाठतो, असं तिथे सांगतात. त्यातला सगळ्यांत घातक मेलानोमा. तो तिथे वर्षाला लाखातल्या पस्तीस-छत्तीस जणांना होतो. जगात सर्वांत जास्त. भारतात हा आकडा लाखात एकाहूनही कमी आहे. २०२० साली जगभरात मेलानोमाचे सुमारे ३ लाख २५ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ५७ हजार माणसं त्यानं गेली.

त्वचेचा कॅन्सर किती होतो, हा प्रश्न साधा वाटतो. तसा तो नाही. सर्वांत जास्त होणारा प्रकार, बेसल सेल कार्सिनोमा, बहुतेक देशांच्या कॅन्सर नोंदवहीत धरतच नाहीत. तो इतक्या जणांना होतो आणि इतका क्वचित जीव घेतो, की मोजणाऱ्यांनी हात टेकले. नाकाशेजारी, डोळ्याच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी पुळी येते, मध्ये खड्डा पडतो आणि मग उंदरानं कुरतडावं तसं वर्षानुवर्षं कातडं खात जातं. पण इतरत्र सहसा पसरत नाही. दुसरा स्क्वेमस सेल. खरखरीत, खपली धरणारा, न भरणाऱ्या जखमेसारखा, आणि हा कधीकधी पसरतो. आपल्या देशात हाच महत्त्वाचा. त्याच्याकडे नंतर येते. तिसरा मेलानोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा.

मेलानोमाचं भवितव्य जाडीवर ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९७० साली दाखवून दिलं, की गाठ किती रुंद आहे यापेक्षा ती कातडीत किती खोल उतरली आहे हे मोजा. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं कापून काढल्यावर सुखरूप राहतात. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटर महाग पडत जातो. एक मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची दहा पानं. जगण्या-मरण्याचं अंतर एवढंच असेल, तर तीळ दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतानाच गाठला पाहिजे, हे कुणालाही पटेल. निरोगी माणसांना रांगेत उभं करून तपासण्याची, स्क्रीनिंगची, सगळी भिस्त या एका युक्तिवादावर आहे.

स्क्रीनिंग म्हणजे शेवटी चाळणंच. चाळण हातात धरलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, की जाळी जितकी बारीक तितका कोंडा जास्त वर राहतो. गव्हाच्या चाळणीतून जे सुखानं खाली गेलं असतं ते मैद्याच्या चाळणीत अडकतं. अडकलं ते खडाच, असं मात्र नव्हे.

ही चाळण आख्ख्या प्रांतावर फिरवून पाहण्याचं धाडस जर्मनीनं केलं. उत्तरेला डेन्मार्कला लागून श्लेस्विग-होल्श्टाइन नावाचा प्रांत आहे. तिथे जुलै २००३ ते जून २००४ या वर्षभरात वीस वर्षांवरच्या सगळ्यांना निमंत्रण होतं: या आणि डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्या. नुसत्या त्वचातज्ज्ञांनी हे उरकणारं नव्हतं, म्हणून साध्या फॅमिली डॉक्टरांना आठ तासांचं प्रशिक्षण देऊन कामाला लावलं. सुमारे ३ लाख ६० हजार माणसं आली, म्हणजे बोलावलेल्यांपैकी साधारण १९ टक्के. जवळपास १६ हजार वेळा कातडीचा तुकडा कापला गेला. मेलानोमा निघाले ५८५. एक मेलानोमा सापडायला सहाशेवर माणसं कपडे उतरवून उभी राहिली आणि सत्तावीस-अठ्ठावीस तुकडे कापावे लागले. यात रडण्यासारखं काही नाही. एक जीव वाचत असेल तर सत्तावीस जणांनी टाका सोसावा.

पाच वर्षांनी आलेली बातमी तर पेढे वाटण्याजोगी होती. २००८-०९ पर्यंत त्या प्रांतातले मेलानोमाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते, पुरुषांत ४७ टक्के आणि बायकांत ४९ टक्के घट. शेजारच्या प्रांतांत अशी घट नव्हती. देशानं या निकालाची वाटही पाहिली नव्हती. जुलै २००८ पासूनच ३५ वर्षांवरच्या प्रत्येक विमाधारकाला दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली होती.

मग आकडे मागे फिरले. २०१३ पर्यंत श्लेस्विग-होल्श्टाइनमधले मृत्यू पुन्हा पूर्वीच्या पातळीवर जाऊन बसले, आणि बाकीच्या जर्मनीत अपेक्षित घट आलीच नाही. तेव्हा लोक मागचा हिशेब उकरून पाहू लागले. त्यांना जे खटकलं ते खरं तर पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. पाचातला एक माणूस तपासलात, आणि मृत्यू निम्मे? ज्यांना तपासलंच नाही ते चार कसे वाचले? शिवाय तपासणीत सापडलेला पातळ मेलानोमा मारायचाच असला तरी पुष्कळ वर्षं घेतो. त्याला आज कापल्याचा परिणाम पाचच वर्षांत एवढा कसा दिसावा? आंद्रेयास श्टांग आणि कार्ल-हाइन्त्स य्योकेल या दोघांनी मृत्यूच्या दाखल्यांची चळत तपासली तेव्हा आढळलं, की मेलानोमाचे मृत्यू कमी झाले त्याच काळात 'मूळ जागा नीट न कळलेला कॅन्सर' या खात्यातले मृत्यू वाढले होते. म्हणजे माणसं गेलीच असावीत. त्यांची नावं दुसऱ्या पानावर पडली.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यात कुणी लबाड नाही. तपासणारे डॉक्टर, मोजणारे संख्याशास्त्रज्ञ, दाखला भरणारा रात्रपाळीचा शिकाऊ, सगळे आपापलं काम करत होते. सगळ्यांनाच चांगली बातमी हवी होती, हाच काय तो दोष.

अमेरिकेत अशी कुणी मोहीम काढली नाही. तिथे चाळण आपोआप बारीक होत गेली. पासष्टीपुढच्या लोकांत १९८६ ते २००१ या काळात कातडीचे तुकडे काढण्याचं प्रमाण अडीचपट झालं आणि मेलानोमाचं निदान २.४ पट. जोडीनं वाढलेल्या या दोन रेघांसोबत मृत्यूची रेघ जवळपास आडवीच राहिली. रोग खरोखर अडीचपट वाढला असता तर मरणारेही वाढले असते. गिल्बर्ट वेल्च या डॉक्टरनं हा मुद्दा २००५ पासून लावून धरला. २०२१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत पुन्हा लिहिलं, की चाळीस वर्षांत निदानं सहापट झाली, मृत्यू मात्र फारसे हलले नाहीत. २०१३ नंतर अमेरिकेतले मेलानोमाचे मृत्यू उतरू लागले खरे, पण तोवर नवी औषधं आली होती. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक सोडवणारं पहिलं औषध २०११ चं. त्यामागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं. श्रेय कुणाचं, चाळणीचं की औषधाचं, हे सांगणं आता आणखी अवघड झालं आहे.

मग तुकड्यात 'मेलानोमा' दिसतो तो कुणाला? सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या माणसाला. गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवलेली कातडीची चकती, तीत विस्कटलेल्या पेशी, आणि एका डोळ्याचा निर्णय. २०१७ मध्ये अमेरिकेत १८७ पॅथॉलॉजिस्टांना अशा स्लाइड दिल्या. अगदी साधे तीळ आणि अगदी खोल गेलेले मेलानोमा यांवर त्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं. मधल्या पट्ट्यात मात्र नुसता गोंधळ. तीच स्लाइड काही महिन्यांनी त्याच माणसाला दाखवली, तर तोही पुष्कळदा वेगळं सांगे. आणि तपासणी वाढली की हाच मधला पट्टा फुगतो. शंका आली तर डॉक्टर 'कॅन्सर' लिहून मोकळा होतो, कारण चुकून सोडलेल्याबद्दल खटला होतो, चुकून कापलेल्याबद्दल पेशंट आभार मानतो. माझ्या बहिणीनं मानले तसे.

अशा निदानाला अतिनिदान म्हणतात. रोग नाव म्हणून खरा, पण तुम्ही नव्वदीत हृदयविकारानं गेला असतात तरी त्यानं तुम्हाला कधी त्रास दिला नसता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अंदाज मांडला, की वरच्या थरातच अडकलेले मेलानोमा धरले तर तिथल्या बायकांतली ५४ टक्के आणि पुरुषांतली ५८ टक्के निदानं अशी असावीत. कुणाची, ते सांगता येत नाही. अमुक एका माणसाकडे बोट दाखवून 'तुला उगाच कापलं' म्हणण्याची सोय नाही, आणि 'मी तपासणीमुळे वाचलो' म्हणणारे मात्र गल्लोगल्ली.

हा वाद मिटवण्याचा एक रस्ता होता. क्वीन्सलंडमधल्या ४४ गावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या गावांत तपासणी, निम्म्यांत नाही, आणि मग वर्षानुवर्षं मृत्यू मोजायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पहिल्या १८ गावांत काम सुरूही झालं. पुढचे पैसे आले नाहीत. जगात त्वचेच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगची चिठ्ठ्या टाकून केलेली, मृत्यू मोजणारी मोठी चाचणी आजतागायत पुरी झालेली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २००९, २०१६ आणि २०२३ मध्ये तीनदा एकच उत्तर दिलं: तक्रार नसलेल्यांना तपासावं की नाही, हे सांगायला पुरावा अपुरा आहे.

गंमत अशी, की त्याच क्वीन्सलंडमध्ये प्रतिबंधाची चाचणी मात्र नेटानं पार पडली. नॅम्बूर नावाच्या गावातल्या १,६२१ माणसांपैकी निम्म्यांना अडेल ग्रीन यांच्या पथकानं १९९२ पासून साडेचार वर्षं सनस्क्रीनच्या बाटल्या फुकट पुरवल्या आणि रोज लावायला सांगितलं. बाकीच्यांनी हवं तसं वागावं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कॅन्सर ४० टक्क्यांनी कमी निघाले. चाचणी संपल्यावर दहा वर्षांनी मेलानोमा मोजले तर ते बाकीच्यांत २२ आणि रोज लावणाऱ्यांत ११. दवाखान्याच्या भिंतीवरचा तो सीगलही याच कुळातला. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात टीव्हीवर नाचत आला, शर्ट चढवा, मलम फासा, टोपी घाला, असं बोबड्या आवाजात सांगत. शाळांतही नियम, टोपी नाही तर मैदान नाही. माझी भाची डोक्यावर झालर लावलेली टोपी घालून शाळेत जाते आणि आम्हाला वाटतं, हिला शेतावर भांगलायला पाठवलंय.

आता आपल्याकडचं. आपल्या कातडीतला रंग उन्हाशी चांगला लढतो, म्हणून तिचा कॅन्सर विरळा. पण जो होतो तो उन्हाला विचारत नाही. काश्मिरात थंडीत फिरनखाली पोटाशी निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात. तिच्या चटक्यांनी पोटावर-मांडीवर होणारा कॅन्सर डॉक्टर एल्म्सलींनी १८६६ सालीच नोंदला होता. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात वसंत रामजी खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ साली माणसांच्या रीतीभातींतून होणाऱ्या कॅन्सरवर निबंध लिहिला, त्यात धोतराचा कॅन्सर आहे. कमरेला त्याच जागी, रोज, पन्नास वर्षं आवळलेली गाठ. आधी कातडी काळवंडते, मग पांढरी पडते, सोलते, जखम होते, भरते, पुन्हा होते. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांत परकराच्या नाडीखाली हाच प्रकार दिसला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांची हकीकत ब्रिटिश नियतकालिकात छापली. त्यांतली एक चाळीस वर्षं लुगडं नेसणारी. आत परकर नाही, लुगडंच कमरेला घट्ट. तिच्याकडे पाहिलं तोवर रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. कुष्ठरोग्याच्या पायाची न भरणारी जखम, लहानपणी भाजल्याचा व्रण, यांतूनही पुढे हाच कॅन्सर निघतो.

मेलानोमाही आपल्याकडे जागा बदलून येतो. पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्लीचा असाच होता. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सापडला, तो फुटबॉल खेळताना लागल्याचा डाग समजला गेला होता. १९८१ च्या मे महिन्यात छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी ठेच असते, बाभळीचा काटा असतो, नखुरडं असतं, कुरूप असतं. शिवाय तळपायाला तीळ असला की परदेशप्रवास घडतो, हे सामुद्रिक आहेच.

माझ्या मावशीच्या, म्हणजे याच ब्रिस्बेनवाल्या बहिणीच्या आईच्या, टाचेला तसा डाग होता. कराडजवळच्या गावात ती राही. पावलीएवढा, कडा शाई फुटल्यासारख्या. "लेक परदेशी गेली ती याच तिळानं, मी मात्र इथेच," असं ती हसून म्हणायची. डाग पसरू लागला तेव्हा तिला वाटलं, शेतातलं काही पायात मुरलंय. रोज आंघोळीला बसली की पितळेच्या वज्रीनं ती टाच घासायची. रक्त आलं की हळद. तालुक्याच्या एका दवाखान्यात कुरूप म्हणून पट्टी मिळाली, आठ महिने. कुणी भिंग लावलं नाही, कुणी तुकडा काढला नाही. मुंबईला नेलं तेव्हा जाडी चार मिलिमीटरच्या पुढे होती आणि जांघेत गाठ. टाच कापली, मांडीचं कातडं लावलं. दीड वर्ष काढलं तिनं.

मावशीला कुठलंही स्क्रीनिंग वाचवणार नव्हतं, आणि आपल्या जिल्ह्यांत तीळ मोजायच्या मोहिमा काढाव्यात असं तर मी मुळीच म्हणणार नाही. लाखात एकही नसलेल्या रोगासाठी गावंच्या गावं चाळली तर नुसता कोंडा निघेल. मावशीला तक्रार होती, ती घेऊन ती दारात गेली होती. बदलणारा काळा डाग, महिनाभर न भरणारी जखम घेऊन आलेल्या माणसाला बघणं याला स्क्रीनिंग म्हणत नाहीत. ती साधी वैद्यकी झाली. जगात एकीकडे ज्यांना काही झालेलं नाही त्यांची पाठ वीस मिनिटं भिंगाखाली असते, आणि दुसरीकडे रक्ताळलेली टाच टेबलावर ठेवा म्हणायला कुणाला सवड होत नाही.

मी हे खर्डे करत असताना बहिणीचा फोन आला. यंदाची तपासणी झाली होती. "काही नाही निघालं," ती म्हणाली. मग जरा थांबली. "ताई, आज टेबलावर चढायच्या आधी मीच मोजे काढले. बाईंना म्हटलं, इथून सुरुवात करा."